पैऱ्याला आलेलं माणूस

पिकलेल्या भाताच्या बुडाशी विळा लागतो तेव्हा होणारा आवाज मी कितीदा शब्दांत पकडायला गेले आणि दर वेळी तो निसटला. खर्र म्हणावं तर तेवढा कोरडा नाही, चर्र म्हणावं तर तेवढा ओला नाही. सात बायका एका ओळीत वाकून पुढं सरकत असल्या की सात विळ्यांचे सात आवाज क्षणभर एकमेकांत मिसळतात, पुन्हा सुटे होतात, आणि त्यांच्या मागोमाग ताज्या कापलेल्या काडाचा हिरवट, गोडसर गंध उठतो. कार्तिक सरत आला की कर्नाटकाच्या हद्दीतल्या आमच्या रामनगरच्या या बाजूला धुकं सकाळी उशिरापर्यंत शेतातच रेंगाळतं; बायका आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. या आवाजानं आजवर मला नेहमी निववलं आहे. नवरा गेला त्या वर्षीच्या सुगीतसुद्धा त्यानंच मला सावरलं. यंदा मात्र तो ऐकताना माझ्या कपाळाची शीर उडत होती. का, ते तुम्हाला सांगते. सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही.

माझं शेत म्हणजे काही जमीनदारी नव्हे. तीस गुंठ्यांचा एक तुकडा, त्याला लागून एक ओहोळ आणि ओहोळापलीकडे जंगल. इथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मुलांकडून बाराखडी गिरवून घेतली, निवृत्त झाले, आणि आता हा तुकडा मीच कसते. ‘मीच’ म्हणते खरी, पण एकटीनं शेत कोण कसतं? आमच्याकडे सुगी पैऱ्यावर चालते. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. दिवसाला दिवस, हाताला हात. पैऱ्याचे नियम कुणी लिहिलेले नाहीत, पण ते मोडल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्याचं शेत त्यानंही वाकून पात धरायची, म्हणजे पिकाची आपल्या वाट्याची पट्टी कापत पुढं जायचं. बांधावर छत्री घेऊन उभा राहणारा मालक पैऱ्यात बसत नाही. आणि दुसरं, पैऱ्याला आलेल्या माणसाला बांधावर उभं करायचं नाही. मग त्याच्याशी तुमचं पटत असो वा नसो. माझी शेजारीण गंगक्का आणि तिची जाऊ यांच्यात आठ वर्षं अबोला आहे. एकीनं दुसरीच्या दारातला फणस तोडला इथपासून सुरू झालेलं ते भांडण आता कशावरून होतं हे दोघींनाही नीट आठवत नाही. पण पैऱ्याच्या दिवशी दोघींच्या पाती शेजारी-शेजारी असतात, आणि मधली पाण्याची घागर न बोलता इकडून तिकडे जाते.

पैऱ्याचा विचार मनात आला की मला माझे वडील आठवतात, आणि ते आठवले की एक शब्द आठवतो. त्या शब्दावर माझा फार जुना राग आहे. काळी नदीवर धरण बांधायचं ठरलं आणि आमचं गाव पाण्याखाली जाणार हे नक्की झालं, तेव्हा वडिलांनी त्याच धरणावर दगडांच्या पाट्या वाहिल्या. आपलंच शेत बुडवणारी भिंत आपल्याच डोक्यावरून नेऊन रचायची! दुसरं काम होतं कुठं? मी तेव्हा शाळकरी पोर, दुपारी त्यांची भाकरी घेऊन जात असे. एकदा मुकादमाच्या हातातला हजेरीपट मला दिसला. वाचता येत असल्याचा मला भारी अभिमान. मी वडिलांचं नाव शोधलं, आणि नावापुढचा शब्दही वाचला. अकुशल. ज्या माणसाला आठ जातींचं भात डोळे मिटून नुसतं तळहातावर चोळून ओळखता येई, ओहोळाचं पाणी कुठल्या बांधाला फुटणार हे जो पावसाआधी महिनाभर सांगे, तो अकुशल! कुशल माणसं लांबून आली होती. त्यांची भिंत उभी राहिली, आमचं गाव बुडालं, आणि आम्हाला रामनगरला आणून बसवलं. वडील त्या शब्दाविषयी कधी बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की माझ्या पोटी जे मूल येईल त्याच्या नावापुढे हा शब्द कुणाला लिहू द्यायचा नाही.

आणि तसंच झालं. माझी एकुलती एक लेक, शिल्पा, या शाळेतून बेळगावच्या इंजिनियरिंग कॉलेजात गेली, तिथून बंगळूरच्या कंपनीत, आणि पाच वर्षांपूर्वी कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. त्या देशात कुशल कामगारांसाठी म्हणून एक वेगळा व्हिसा असतो, आणि मागणारे फार झाले की त्याची चक्क सोडत निघते. तुम्ही किती शिकलात, किती राबलात, याला त्या सोडतीत काही किंमत नाही; चिठ्ठी निघाली तर तुम्ही कुशल, नाही तर बसा घरी. शिल्पाची चिठ्ठी निघाली. मी गावभर पेढे वाटले. बाजारात तिच्या फोटोचा फलक लागला, त्यावर कोपऱ्यात चार पुढाऱ्यांचे चेहरे, जणू त्यांनीच तिला गणित शिकवलं होतं! मी तो फलक पाहायला दिवसातून दोनदा बाजारात जात होते. खोटं कशाला बोलू? वडिलांच्या नावापुढचा तो शब्द मी आज खोडला असं मला वाटलं होतं.

तिकडे तिला एका विमा कंपनीच्या कचेरीत नेऊन बसवलं. दवाखान्यांची बिलं तपासून मंजूर करायची तिथली एक जुनाट, गुंतागुंतीची संगणकयंत्रणा. त्या यंत्रणेची नस न् नस ठाऊक असलेला एकच माणूस होता. त्याचं नाव रॉन. साठीला आलेला, मोठ्या हाडापेराचा, बोलायला थोडा. त्यानं शिल्पाला तीन महिने शेजारी बसवून शिकवलं. कुठल्या खिडकीत काय भरलं की यंत्र अडतं, कुठल्या महिन्याच्या शेवटी कुठली चूक हमखास होते, वीस-बावीस वर्षांत त्यानं बोटांना लावून घेतलेलं सारं त्यानं हिला दिलं. शिल्पा मला सांगायची, आई, हा माणूस कधी रागवत नाही गं, पण कधी हसतही नाही. मी म्हणायची, असेल स्वभाव. गुरू लाभायला भाग्य लागतं, त्याच्या पाया पड.

आता इथं माझ्या लेकीनं जी चूक केली ती आमच्या गावचं माणूसच करू जाणे. तिला वाटलं, हा पैरा आहे. तीन महिने या माणसानं स्वतःचं काम सोडून आपल्या पातीवर राबून दिलं, तर आता त्याच्या पातीवर आपण जायचं. शिकवणी संपली त्या दिवशी तिनं त्याला विचारलं, तुमचं नवं काम कुठल्या विभागात, मी कधी येऊ मदतीला? ती इतक्या सरळपणानं विचारत होती की त्या माणसाला आधी ती थट्टाच वाटली. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की नवं काम वगैरे काही नाही. तुला सगळं शिकवलं तर जाताना चार महिन्यांचा पगार हातात मिळणार होता, शिकवलं नाही तर तोही नाही. आजचा त्याचा शेवटचा दिवस होता. शिल्पाला त्याच्या निम्म्या पगारावर ठेवली होती, हेही तिला त्याच्याचकडून कळलं.

फोनवर ती रडत होती. इथं संध्याकाळ होती, अंगणात गंगक्का माझ्याबरोबर चवळीच्या शेंगा सोलत बसली होती, आणि फोनचा आवाज मोठा असल्यानं तिनंही सगळं ऐकलं. मी नुसतं ‘रडू नकोस’ म्हणत राहिले. गंगक्काला मात्र क्षणाचाही प्रश्न पडला नाही.

“आगं, त्यात रडायचं काय?” ती फोनकडे वाकून म्हणाली. “त्येनं तुझ्यासाठी दिस घातलं न्हवं? मग त्येच्या घरला जा की! त्येच्या दारात काय काम असंल त्ये करून ये. पैरा काय हापिसातच फेडायचा आसतोय व्हय?”

तुम्ही हसाल. मीही हसले असते, पण माझी लेक खरंच गेली. शनिवारी सकाळी पत्ता शोधत ती त्याच्या घरी पोचली तेव्हा तो अंगणातली झडलेली पानं दंताळ्यानं ओढत होता. तिकडे या दिवसांत झाडं अशी काही पानं गाळतात की अंगण दिसेनासं होतं, असं ती सांगते. बाजूला दुसरं दंताळं होतं ते तिनं उचललं आणि पलीकडच्या कोपऱ्यातून ओढायला लागली. त्यानं तिला थांबवलं नाही. दुपारी त्याच्या बायकोनं दोघांना कॉफी आणून दिली. सूर्य कलला तेव्हा अंगण स्वच्छ झालं होतं, आणि रॉननं तिला फाटकापर्यंत सोडताना सांगितलं की माझा तुझ्यावर राग नाही, पण तू पुन्हा येऊ नकोस. शेजारी पाहतात. इथं आमच्या गल्लीत तुझ्यासारख्यांविषयी काय बोललं जातं हे तुला ठाऊक नाही.

ते वाक्य मला पाच वर्षं छळतं आहे. ‘तुझ्यासारख्यांविषयी’! माझी पोर त्याच्या अंगणात दिवसभर वाकली होती, आणि तिला फाटकाबाहेर काढताना त्या भल्या माणसाला तिच्यासाठी दुसरा शब्द सापडला नाही. पण मग मी स्वतःला विचारलं, माझ्यापाशी तरी दुसरा शब्द आहे का? आमची पोरं कॅसलरॉक स्टेशनावरून गाडीनं घाट उतरून गोव्याच्या हॉटेलांत भांडी घासायला जातात, तिथं त्यांना ‘घाटी’ म्हणतात आणि इथं आमचं रक्त उसळतं. आणि इकडे रेल्वेच्या कामावर दूरदेशची माणसं आणली की हीच पोरं त्यांना ‘भैये’ म्हणतात, नि त्यांची पालं उठवायला निघतात. अशाच एका सकाळी मीही त्या पोरांच्या पुढं उभी होते. बाई आमच्या बाजूनं आहेत म्हटल्यावर पोरांना जोर आला. मी म्हणाले होते, आमच्या हाताला काम नाही आणि हे उपरे कशाला? त्या माणसांपैकी एकानं, माझ्याच वयाच्या एका दाढीवाल्यानं, हातातली थापी खाली ठेवून मला नमस्कार केला होता. त्याला आमची भाषा कळली नव्हती. आज तो नमस्कार आठवला की मला जमिनीत जावंसं वाटतं.

मग चूक कुणाची? रॉनच्या देशात एक पुढारी उठतो आणि गर्जतो की बाहेरच्यांनी येऊन तुमच्या तोंडचा घास काढला. आमच्याकडे दुसरा उठतो आणि सांगतो की आपल्या लेकरांनी जग जिंकलं. टाळ्या दोघांनाही पडतात. पण ज्यानं रॉनला निम्म्या किमतीत बदलायचा हिशेब मांडला, ज्यानं शिल्पाला ती कुणाच्या ताटावर बसते आहे हे कळू दिलं नाही, तो तिसरा माणूस या दोघांच्याही भाषणात कधी येत नाही! त्याला देश नाही, गाव नाही, भाषा नाही. त्याचं तोंड रॉननं पाहिलं नाही, शिल्पानं पाहिलं नाही. एका संध्याकाळी तो कुठं तरी थंड खोलीत बसून काम या देशातून त्या देशात सरकवतो, आणि मग आपण सगळे एकमेकांच्या उरावर बसतो. आमच्याकडे बांधावर छत्री घेऊन उभ्या राहणाऱ्याला पैऱ्यात घेत नाहीत असं मघाशी म्हटलं ना? हा तर बांधावरही येत नाही, हो! त्याच्या शेतात जगभरची माणसं एकमेकांना ढकलत वाकलेली आहेत आणि त्याच्या पायाला माती म्हणून लागलेली नाही. मला याचा संताप येतो. साठी उलटून गेल्यावर माणसानं शांत व्हावं म्हणतात. मला नाही जमत.

आणि यंदा, भात अजून हिरवंगार असताना, शिल्पाची पाळी आली. ते काम आता तिच्या निम्म्या पगारातही महाग पडू लागलं होतं, म्हणून ते बेळगावच्या एका लहानशा कचेरीत हलवायचं ठरलं. तीन आठवडे रोज रात्री, म्हणजे इकडच्या पहाटे, पडद्यासमोर बसून शिल्पानं इकडच्या एका मुलीला शिकवायचं, आणि मग घरी जायचं. तिच्या त्या व्हिसाचा नियम असा की नोकरी सुटल्यापासून साठ दिवसांत दुसरी मिळवा, नाही तर देश सोडा. साठ दिवस! पाच वर्षांचं घर, भांडीकुंडी, मैत्रिणी, खिडकीत लावलेली मिरचीची रोपं, सगळं साठ दिवसांत आवरा. कुशल म्हणून ज्या दारातून वाजतगाजत नेलं त्याच दारातून तिला बाहेर उभं केलं, आणि वर तिच्या जागी येणारीला तिनंच तयार करायचं. मी तिला म्हणाले, शिकवू नकोस. अर्धवट शिकव. मुद्दाम चुकीचं सांग. माझ्या एकतीस वर्षांच्या शिक्षकी पेशात मी कुणाला असा सल्ला दिला नव्हता, पण तेव्हा दिला.

शिल्पानं ऐकलं नाही. पडद्यावरची ती मुलगी घरूनच बसत होती; तिच्यामागं दुसऱ्याच दिवशी कोंबडा आरवला म्हणे, आणि मुलगी बोलण्याच्या ओघात ‘व्हय’ म्हणून गेली. शिल्पानं विचारलं, तू कुठली? तर खानापूरकडची, लोंढ्याच्या अलीकडे एका खेड्यातली. नाव दीपा. त्यानंतर दोघी आपल्या बोलीतच बोलू लागल्या. शिल्पानं तिला काही म्हणता काही हातचं राखलं नाही, आणि फोनवर मला सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं, आई, हुशार आहे गं पोरगी, चटकन धरते. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. रॉननं हिला शिकवलं तेव्हा निदान पलीकडे समुद्र होता. ही तर आमच्या उंबऱ्यावरची! मी त्या दीपाला न पाहता मनातल्या मनात किती शिव्या घातल्या याला सुमार नाही. बाजारात भेटणारी माणसं, ज्यांनी त्या फलकाखाली उभं राहून फोटो काढले होते तीच, आता हळूच विचारायची, शिल्पा येतेय म्हणे परत, काय झालं? मी म्हणायची, सुट्टीवर येतेय. आणि घरी येऊन पुन्हा त्या मुलीला शिव्या घालायची.

साठातले चाळीस दिवस गेले. शिल्पानं किती ठिकाणी अर्ज केले, किती ठिकाणी नाकारली गेली हे ती मला सांगायची नाही. तिचा आवाजच सांगायचा. इकडे भात पिवळं पडलं, रानडुकरांपासून राखण करायची पाळी आली, आणि गेल्या रविवारी माझ्या शेतात सुगी लागली. धुक्यात सात विळे चालू होते. मी ओळीच्या टोकाला होते, गंगक्का मध्ये, तिची जाऊ तिच्या शेजारी. तेवढ्यात बांधावर कुणी तरी येऊन थांबल्याचं जाणवलं. मान वर केली तर पंचविशीच्या आतली एक मुलगी, साडीचा ओचा वर खोचलेला, डोक्याला फडकं, हातात स्वतःचा विळा.

“मावशी, मी दीपा,” ती म्हणाली. “शिल्पाक्काकडं शिकले ती. पैऱ्याला आलेय.”

माझ्या हातातला विळा तसाच राहिला. जी माणसं आपण मनात इतके दिवस भाजून काढली ती अशी धुक्यातून समोर येऊन उभी राहिली की काय करायचं असतं? मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, “आता काय बघायला आलीस? माझी पोरगी कशी परत येते ते?”

मुलीचा चेहरा उतरला. पण ती हलली नाही. विळ्याची मूठ तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाकीचे सहा विळेही थांबले. आणि मग गंगक्का, कंबरेवर हात ठेवून, सगळ्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“बाई, पोरास्नी शिकिवलं तुमी, आन तुमीच इसरला व्हय? पैऱ्याला आलेल्या माणसाला बांधावर हुबं करत्यात? ये गं बाय, हिकडं ये. माज्या शेजारची पात घे.”

आणि गंगक्काची जाऊ, आठ वर्षं जिच्याशी ती बोलली नव्हती, न सांगता एक पात पलीकडे सरकली.

दीपाचा हात चांगला होता. नोकरीवाली म्हणून नाजूक असेल अशी माझी एक क्षुद्र आशा होती, तीही तिनं मोडली. मूठ घट्ट धरायची, विळा जमिनीलगत फिरायचा, कापलेली मूठ मागं सरळ रेषेत पडायची. आवाज आता आठांचा झाला होता. माझी पात कुठं तिच्याहून मागं पडू नये म्हणून मी अशी काही कापत सुटले की दुपारपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले.

जेवायला ओहोळाकाठी बसलो. भाकरी, उकडलेले कंद, लसणाची चटणी. तिनं भाकरी हातावर घेतली आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागली. शेवटच्या दिवशी तिनं शिल्पाला विचारलं होतं, अक्का, तुझ्यासाठी मी काय करू? शिल्पा हसली होती आणि म्हणाली होती, माझ्या आईची सुगी कार्तिकातल्या शेवटच्या रविवारी लागते. तेवढ्यावर ही पहाटेची पहिली गाडी धरून आली, रामनगरच्या स्टँडवर ‘बाईंचं शेत कुठं’ विचारत. ती म्हणाली, “कुणाचं काम आपल्या हातात येतंय त्ये मला म्हाईत हुतं, मावशी. झोप लागायची न्हाई. पण घरात दुसरं कुणी कमवतं न्हाई. आन अक्काचं तोंड रोज दिसायचं, म्हणून जरा बरं वाटायचं.” मग थोडं थांबून म्हणाली, “आता मला सांगितलंय, तू जे जे करतीस त्ये सगळं लिहून काढ. एकेक पायरी. मी इचारलं, कुणाला शिकवायचं हाय? तर सांगत न्हाईत. नुसतं लिहून ठेव म्हंत्यात.”

गंगक्कानं हातातला घास खाली ठेवला.

“म्हंजे तुझी पात कुणाला दिलीया, त्येबी तुला बघू देत न्हाईत?”

“न्हाई.”

केवढी ही कंपनीची शहाणी माणसं! रॉनसमोर शिल्पा बसली होती म्हणून ती त्याच्या अंगणात गेली. शिल्पासमोर दीपा होती म्हणून दीपा माझ्या बांधावर आली. आता पुढचा चेहराच काढून टाकायचा, म्हणजे कुणी कुणाच्या दारात जायला नको, कुणाला कुणाची लाज वाटायला नको. समोरचा माणूस असेल, यंत्र असेल, कुठल्या देशातला असेल, कुणालाच कळू नये! इतके दिवस मी ज्या पोरीला शिव्या घालत होते ती माझ्यासमोर भाकरी खात होती, बोटांना विळ्याचे जुने वण होते, आणि तिलाही कुणी तरी खोडून टाकायला निघालं होतं. त्याआधी सगळं तिच्याच हातून लिहून घेणार होते. माझा राग तसाच होता, कणभर कमी झाला नव्हता. मी उठून तिच्या हातावर आणखी एक भाकरी ठेवली.

“तुमच्यात सुगी कदी?” गंगक्कानं विचारलं.

“पुढच्या आयतवारी. आई एकटीच हाय कापाय.”

“मग आमी येतो,” गंगक्का म्हणाली, आणि मला विचारायची तिला गरजही वाटली नाही.

शिल्पाला त्या संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. तिकडे सकाळ होती. मी दीपाला जे बोलले तेही सांगितलं, लपवलं नाही. तिनं आधी दीपाकडची सुगी कधी ते विचारून घेतलं. मग म्हणाली की तिकीट काढलंय, उरलेले दिवस वाट पाहण्यात आता अर्थ नाही. शुक्रवारी गोव्याला उतरेन, तिथून गाडीनं कॅसलरॉक. रडली नाही. एवढंच विचारलं, आई, माझा विळा गंजला नाही ना? मी नाही म्हटलं. फोन ठेवला, माळ्यावरून तो काढला, आणि दगडावर पाणी शिंपडून अंधार पडेपर्यंत घासत बसले, कारण तो चांगलाच गंजला होता.

येत्या रविवारी दीपाच्या शेतात तिच्या आईला धरून आम्ही दहा जणी असू. दहा विळे एकदम चालले की तो आवाज कसा होतो हे मी अजून ऐकलेलं नाही. कधी वाटतं, रॉन आता कुठं असेल? यंदाची पानं त्यानं एकट्यानं ओढली असतील का? तो कधी इकडे आला तर त्याला मी माझ्या शेजारची पात देईन, शेजारीपाजारी बघेनात का. दीपा ज्याच्यासाठी सगळं लिहिते आहे, तो जो कोणी आहे, तो माणूस असला आणि विळा घेऊन आला, तर त्यालाही देईन. गंगक्कानं मला धडा दिला आहे, तो मी विसरणार नाही. पण ज्यानं आम्हाला एकमेकांच्या पातीवर आणून घातलं आणि स्वतः कधी वाकला नाही, तो चुकून जर या बांधावर येऊन उभा राहिला, तर त्याला मी तिथंच उभा ठेवीन, भर उन्हात, विळ्यांचा तो आवाज ऐकत. आणि आमच्यातली एकही बाई मान वर करून त्याला विचारणार नाही की तुम्ही कोण.